पहिलं नाव

सत्त्याऐंशी सालच्या मार्चात, भर दुपारी, प्रयोगशाळेतल्या बाईंनी द्रव नायट्रोजनमधून काळी चकती बाहेर काढली आणि तिच्यावरची मीटरची तार चिमट्यानं जराशी हलवली. तार चिमट्यातच आली. तिला धरून ठेवणारा चांदीचा लेप थंडीनं आकसून तडकला होता.

"सर, तारच सुटलीय. मीटर शून्य दाखवेल नाहीतर काय करेल?"

चकतीचा विद्युतरोध शून्यावर गेला, नवा अतिवाहक सापडला, असं सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, चार ठिकाणी बोलून बसले होते. त्या वर्षी सगळ्यांनाच तशी घाई झाली होती.

"काल जोडलेली असेल."

"असेल? चुंबक ठेवून बघू. अतिवाहक असेल तर त्याला दूर लोटेल."

बाईंनी चकती पुन्हा गार केली, वर इवलासा चुंबक ठेवला. जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखा तो बसूनच राहिला.

"ते नंतर बघू," सर म्हणाले. "शोधनिबंध आज जाणार."

"मग माझं नाव काढा त्यातून."

सरांनी चष्मा पुसला. चेहऱ्यावर समजूतदार हसू आलं.

"खरंय तुमचं. चकती भाजायला भट्टीशी तुम्हीच बसलात. तिसरं नाव म्हणजे अन्यायच."

"वर घ्या म्हणत नाही मी. काढा म्हणतेय!"

"रुसू नका हो."

निबंध छापून आला तेव्हा बाईंचं नाव सगळ्यांत वर होतं.

"भांडलात ते बरं केलंत," शेजारच्या खोलीतले प्राध्यापक म्हणाले. "आमच्या मेल्या तोंडाला हे जमलं नसतं."

नाव काढा, असं बाईंनी संपादकांना कळवलं. उत्तर आलं ते सरांना. घरी सासूबाईंनी तो अंक दिवाणखान्यात दर्शनी मांडला.

"अहो आई, ते खोटं आहे."

"पुरे गं तुझा विनय!"

दुसऱ्या कुणालाच ते शून्य सापडलं नाही. निबंध मागे घ्यावा लागला. चौकशी समितीनं विचारलं, पहिलं नाव कुणाचं?

सर पुढे संचालक झाले. निवृत्त होताना म्हणाले, "एका सहकारी बाईंची चूक मी पोटात घातली." टाळ्या पडल्या. बाईंना भट्टी पुन्हा मिळाली नाही; पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या पदार्थविज्ञान शिकवत राहिल्या. सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेचं नाव सरांच्याही वर छापलं होतं."

बाई तेवढ्यात चहा टाकायला उठायच्या.