सतरा खिसे

दांडी कापलेला टूथब्रश. प्रत्येकी सहा लिटर पाणी. गुडघ्याचा पट्टा. सतरा खिसे.

वाळवंटातल्या त्या अवाढव्य दरीत आठ जणांनी पाच दिवस पायी फिरायचं होतं. म्होरकी होती शिंपीकाकांची पुतणी, आणि तिचा नियम कडक: ज्याची सॅक बारा किलोंच्या वर, तो घरी. काकांची भरली साडेबारा. तीही नको ते सगळं काढून!

"काका, आता रिकामीच ठेवा काट्यावर."

रिकामी सॅक तीन किलो. काकांनी दोन महिने खपून स्वतः शिवलेली. प्रत्येक खिशाला अस्तर, झाकण, चेन.

"ही सॅक आहे की कपाट?"

"अगं, हात थांबतच नव्हता."

काकांचा चेहरा उतरला. पण घरी बसायचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा चढवला आणि शिवणाच्या दुकानाच्या दारातल्या उजेडात एकेक खिसा उसवायला घेतला. पहिल्याला जीव तुटला. पाचव्यापासून शीळ सुरू झाली. चौदा खिसे उतरले तेव्हा भरलेली सॅक बाराच्या आत आली. काकांनी ती पाठीला लावली आणि दुकानभर मिरवून आले.

वजनं करण्याआधी जाणाऱ्यांची यादी करताना पुतणीने पहिलं नाव काकांचंच लिहिलं होतं.