सरांना पोहता येतं

सहलीला नाही म्हणायचं हे भारतीनं ठरवून टाकलं होतं. कारणंही तयार होती. गुडघे दुखतात, लेकीच्या, प्रियांकाच्या, लग्नाची बोलणी चालली आहेत, मुलाकडची बेळगावची माणसं कधीही येऊन टेकतील. पण श्रीलक्ष्मी स्वतः त्यांच्या विद्यानगरातल्या घरी येऊन बसली, आणि चहा घेता घेता म्हणाली, की गुरुराज सर हल्ली कशातच नसतात, स्टाफच्या जेवणालासुद्धा आले नाहीत, कॉलेजात सगळे विचारायला लागलेत सरांचं काही बिनसलंय का म्हणून. ते ऐकल्यावर भारतीची सगळी कारणं जागच्या जागी विरून गेली.

"येतो की," ती म्हणाली. "न यायला काय झालं?"

भारतीचे यजमान गुरुराज हुबळीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. जुने विद्यार्थी रस्त्यात गाडी थांबवून पाया पडत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. आधी नावं गेली, मग वार, मग रस्ते. एकदा टॉवेल आणायला म्हणून दाजीबानपेठेत गेले ते दिवस मावळेपर्यंत आलेच नाहीत. शेवटी कमरीपेठेतल्या एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. शेजाऱ्यांना भारतीनं सांगितलं, स्कूटर बंद पडली होती. धारवाडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो बरा होत नाही हेही सांगितलं. त्या दिवसापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं. प्रियांका बंगळुरात नोकरीला होती, तिलाही सांगितलं नाही. बापाला असला आजार आहे हे बेळगावला कळलं, तर उद्या पोरीलाही होईल म्हणून ते मागे सरतील, ही धास्ती तिला झोपू देत नव्हती. निदान लग्न होऊन जावं, निदान नोकरी सुखानं संपावी, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती रोज त्यांना कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला जायची, परत आणायला जायची, आणि मधला सगळा वेळ जीव मुठीत धरून बसायची. स्कूटर तिलाही चालवता येई, पण लोकांना दिसायला म्हणून ती त्यांनाच चालवू द्यायची आणि मागं बसून वळणं सांगायची.

सहल सुधींद्रनं ठरवली होती. सुधींद्र म्हणजे श्रीलक्ष्मीचा नवरा, रसायनशास्त्राचा मास्तर, गुरुराजांचा कॉलेजातला सगळ्यांत जुना मित्र. कारवारला जायचं, तिथून कॅटामरानमधून समुद्रात, बोटीवरच गाणी आणि जेवण, आणि एका बेटाजवळ थांबून स्नॉर्केलिंग. म्हणजे डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. भारतीनं मनाशी एकच गोष्ट घोकली होती. त्यांचा हात सोडायचा नाही.

आणि सकाळ खरोखर चांगली गेली. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच मजला बांधावा, तशी ती बोट होती. पुढं दोन्हींच्या मध्ये जाळं ताणलेलं, त्यावर तरुण मास्तर पाय पसरून पडले होते. कुणीतरी विचारलं, ही बोट कलत कशी नाही? गुरुराज उठून उभे राहिले, आणि वर्गात सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पाणी कुठं उचलून धरतं, वजन कुठं दाबतं, दोन सांगाड्यांतलं अंतर वाढलं की काय होतं, सगळं हातांनी हवेत काढून दाखवलं. एकही शब्द अडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भारतीच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांचंच काही चुकलं असेल, असं तिला क्षणभर वाटून गेलं. अशा वाटण्याला ती वर्षभर भुकेली होती.

बेटाजवळ बोट थांबली आणि जागच्या जागी डुलायला लागली. भारतीच्या पोटात ढवळून आलं. सुधींद्र शेजारीच होता, त्याला "ह्यांच्याकडं लक्ष ठेवा हं" म्हणून ती कशीबशी मागच्या कठड्याशी गेली. श्रीलक्ष्मीनं तिचं कपाळ धरलं. ओकारी थांबायलाच तयार नव्हती. पोटातलं सगळं पडून गेल्यावर तिनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि ती परत आली, तेव्हा गुरुराजांच्या खुर्चीवर त्यांचा सदरा नीट घडी करून ठेवलेला होता, त्यावर चष्मा आणि घड्याळ.

"कुठं आहेत हे?"

सुधींद्र हसत होता. गाण्याच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं. त्यानं सांगितलं, मीच त्याला उतरवलं, नको नको म्हणत होता, शेवटी मागनं ढकललाच. एवढा पोहणारा माणूस आणि वर बसून काय करतो?

खाली पाण्यात नारिंगी जाकिटं घातलेली माणसं एका दोराला धरून तरंगत होती. त्यांच्यात एक जाकीट रिकामंच होतं. आणि त्यांच्या पलीकडं, बराच पुढं, एक पांढरं डोकं संथ हात मारत बोटीपासून दूर चाललं होतं. जाळ्यावरची तरुण मास्तरमंडळी शिट्ट्या मारत होती. एकजण त्याचा व्हिडिओ काढत होता.

भारतीनं हाक मारली. ती तिची तिलाच ऐकू आली नाही. तिनं सुधींद्रचा दंड धरला आणि गाणं बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, काळजी करू नका, येईल की वळून, त्याला काय समुद्र नवा आहे? तेव्हा तिला कळलं, की आता सांगावंच लागणार. इथं, या सगळ्यांसमोर, ज्यांच्यापासून वर्षभर लपवलं त्यांच्याच समोर. तिनं गाण्याच्या यंत्राची वायर उपटून काढली. एकदम शांतता झाली आणि सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"ते वळणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांना आठवत नाही. आपण कुठं आहोत ते त्यांना आठवत नाही. आजार आहे त्यांना. वर्ष झालं."

सुधींद्रच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहून गेलं, जसं काही ते उतरवायचं कसं हे त्याला सुचत नव्हतं.

बोटीवरचा मुख्य माणूस उल्हास नावाचा कारवारकर होता. त्यानं एक शब्द विचारला नाही. मागं बांधलेली रबरी होडी त्यानं सोडली आणि तो आत उतरला. भारती त्याच्या मागोमाग कठड्यावर चढली. तिला पोहता येत नव्हतं. आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात ती गेली नव्हती. उल्हास नको म्हणाला. तिनं ऐकलं नाही. श्रीलक्ष्मीनं तिच्या अंगात जाकीट चढवलं, पट्टे आवळले, आणि दोघातिघांनी तिला धरून होडीत उतरवलं.

जवळ गेल्यावर तिला त्यांचा चेहरा दिसला आणि तिचा धीर सुटला. तो घाबरलेला चेहरा नव्हता. एवढा निवांत चेहरा तिनं किती दिवसांत पाहिला नव्हता. पण हात जड झाले होते, तोंड उघडं पडत होतं, प्रत्येक लाटेला हनुवटी पाण्याखाली जात होती.

"अहो," ती म्हणाली, "चला आता. पुरे झालं."

ते थांबले. पाण्यात पाय हलवत त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग उल्हासकडं, मग परत तिच्याकडं.

"नीव् यार्री?"

तुम्ही कोण? कन्नडात, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर. उल्हासनं वाकून त्यांचं मनगट धरायला हात पुढं केला, तेव्हा मात्र ते घाबरले. त्यांनी हिसका दिला, लाथ झाडली, आणि ते पाण्याखाली गेले. वर आले ते होडीपासून लांब, ठसका लागलेला, डोळे लाल. उल्हास हलक्या आवाजात म्हणाला, की तो उडी मारतो, पण घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो, मग दोघांचंही कठीण. तरी त्यानं हवेची रिंग काखेत घेतली.

"थांबा," भारती म्हणाली.

गुरुराज बेटाच्या काळ्या खडकांकडं बघत होते. आता पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कावराबावरा झाला होता. ते स्वतःशीच बोलत होते, आणि ती मराठी होती.

"अक्का कुठाय? कपडे घेऊन इथंच बसली होती की."

वेणूबाई. त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन किती वर्षं झाली. धारवाडजवळच्या त्यांच्या गावात एक तळं होतं. गुरुराज लहानपणी तासन्‌तास त्यात डुंबत आणि वेणूबाई पायऱ्यांवर त्यांचे कपडे मांडीवर घेऊन बसत. भारती नवी सून होती तेव्हा वेणूबाईंनीच तिला हे कौतुकानं सांगितलं होतं. गुरुराजांना पाण्यातून बाहेर कसं काढावं लागायचं, तेही.

नवऱ्याला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती. अरे-तुरे तर लांबच. तिनं पदर खोचला, होडीच्या कडेला ओणवी झाली आणि आवाज चढवला.

"गुर्‍या! ए गुर्‍या, बाहेर ये. कपडे माझ्याकडं आहेत."

ते वळले. चेहरा असा उजळला, की तिला बघवेना.

"अजून एक फेरी, अक्का."

"एकसुद्धा नाही. ओठ निळे पडलेत बघ तुझे. अप्पा घरी आलेत. ये मुकाट्यानं."

ते आले. तक्रार करत, पण आले. होडीशी येऊन त्यांनी दोन्ही हात वर केले, लहान मूल करतं तसे, आणि उल्हासनं त्यांना काखेत धरून आत ओढून घेतलं. भारतीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या ओल्या पदरानं पुसत राहिली. ते थरथरत होते. मनात ती देवाचे आभार मानायला गेली, पण तिथं आभार नव्हतेच. ज्याला तिनं ओढून काढलं होतं, तो तिला ओळखत नव्हता. एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते मावत नव्हतं.

बोटीवर टॉवेल, कोरडे कपडे, गरम चहा, सगळं हातोहात पुढं आलं. व्हिडिओ काढणाऱ्यानं मोबाइल खिशात घातला होता आणि तो खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळानं गुरुराजांनी सदरा घातला, चष्मा लावला आणि भारतीकडं पाहून विचारलं, "तू एवढी कशानं भिजलीस?" ती म्हणाली, लाट आली. त्यांनी मान हलवली. जेवण वाढलं गेलं. सगळ्यांची ताटं तशीच राहिली. गुरुराजांनी मात्र चित्रान्नाचा लिंबूभात दोनदा मागून घेतला.

सुधींद्र तिला बोटीच्या टोकाला गाठून बोलला. ती दिलासा मिळेल म्हणून वाट बघत होती, तर तो रागावलेला होता.

"मला सांगायचं होतं, वहिनी. सगळ्या जगाला नका सांगू. मला? या हातांनी ढकललं मी त्याला. तो गेला असता तर मी काय केलं असतं, हा विचार तुमच्या मनात आला नाही?"

आला नव्हता. परतीच्या बसमध्ये, घाट चढून यल्लापूरचं जंगल लागलं तरी, सुधींद्र पुढच्या सीटवर पाठमोरा बसून होता. श्रीलक्ष्मी तेवढी मागं येऊन भारतीशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी गुरुराजांचे खांदे उन्हानं सोलून निघाले होते. भारती खोबरेल लावत होती, तेव्हा त्यांनी विचारलं हे कशानं झालं. तिनं सांगितलं, समुद्रावर गेलो होतो.

"मी पोहलो?"

"हो."

"लांब?"

"खूप लांब," ती म्हणाली, आणि तेलाची बाटली खाली ठेवून तिनं प्रियांकाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं खूप वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग प्रियांका म्हणाली, की मुलाशी ती स्वतःच बोलेल, लपवून तिला लग्न करायचं नाही. ती बोलली. बेळगावच्या माणसांनी विचार करायला वेळ मागून घेतला.

सोमवारी भारती प्राचार्यांना भेटली. गुरुराजांना तिनं बाहेर बाकावर बसवलं होतं. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, मुलांच्या तक्रारी त्यांच्या कानावर आल्या होत्या, पण सरांच्याबद्दल काही विचारायला जीभ रेटली नाही. आजपासून रजेचा अर्ज द्या, पुढचं मी बघतो, म्हणाले. एवढंच. वर्षभर ज्या गोष्टीला ती थरथरत होती, ती चहा निवायच्या आत होऊन गेली होती.

बाहेर आली तर बाक रिकामा. ती प्रयोगशाळेकडं धावली, मग कँटीनकडं, मग फाटकाकडं. गुरुराज स्कूटरजवळ होते. रुमालानं सीट पुसत होते आणि वैतागलेले होते.

"किती उशीर? माझा तास आहे."

"आज तास नाही तुम्हाला."

"नाही?"

"नाही. सुट्टी आहे."

त्यांनी विचार केला. वरच्या मजल्यावर घंटा झाली, मुलांचा लोंढा जिन्यात आला, दोघातिघांनी लांबूनच सरांना नमस्कार केला. त्यांनी हात वर करून तो घेतला. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

भारतीनं किल्ली दिली नाही. स्कूटर तिनं स्वतः स्टँडवरून काढली आणि त्यांना मागं बसायला सांगितलं.