सुमनबाईंचा सतरा पायऱ्यांचा जिना

मित्रांनो, तुम्ही माझ्या अंगावर पाय देऊन वर जाल, धाडधाड खाली याल, पण माझ्याकडे वळून काही बघणार नाही. त्याचा मला राग नाही. जिन्याच्या नशिबी पायच असतात. नाशिकच्या सिडकोत एका लहानशा घराच्या भिंतीला टेकून मी उभा आहे. गल्लीतून निघतो तो थेट वरच्या दोन खोल्यांच्या दारात जातो. लोखंडाचा आहे, जुना आहे, आणि जरा बडबड्याही आहे.

माझ्या पायऱ्या सतरा. सोळातही भागलं असतं, पण पायऱ्या विषमच हव्यात असा झुंबर मिस्तरीचा हट्ट. शेजारीच अंबडला त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९९४ साली त्याने मला जोडलं. भंगारातले अँगल, कुठल्याशा कारखान्यातला जाड पत्रा, असा माझा देह. वर हिरवागार रंग. हातगाडीवरून मला घरी आणलं, तेव्हा सुमनबाईंनी पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता माझं घर बी कमवायला लागलं बरं का!"

सुमनबाई मूळच्या नांदगावकडच्या. त्यांचे मालक जयरामभाऊ अंबडच्या एका कंपनीत कामाला. त्यांना मूलबाळ नाही. पगारात पोट भरायचं, पण म्हातारपणाची सोय कुठून व्हायची? म्हणून वर दोन खोल्या काढायच्या आणि भाड्याने द्यायच्या असं ठरलं. बँकेत गेले, तर तिथला साहेब म्हणाला, वरच्या मजल्याचा मंजूर नकाशा आणा. नकाशा कुठला आणायचा! आमच्या गल्लीत सगळ्यांनीच तसं बांधलेलं. शेवटी पतसंस्थेने घर तारण घेऊन कर्ज दिलं, व्याज मात्र चांगलं सणसणीत. जामीनदार म्हणून सही केली झिपरूभाऊने. जयरामभाऊंच्याच खात्यात होता तो. "वहिनी, सही काय मागता, अंगठा बी देतो," असं म्हणाला आणि कागद न वाचता सही ठोकून मोकळा झाला.

पहिली आठ वर्षं माझी मोठ्या मानाची गेली. वर एक नर्सबाई राहून गेली. ती रात्रपाळीहून आली, की चपला हातात घेऊन चढायची, खालच्यांची झोपमोड नको म्हणून. मग एक पोस्टातला कारकून आला. भाडं वेळच्या वेळी, दर अकरा महिन्यांनी नवा करार, दोन साक्षीदार, सगळं कसं रीतसर. दसऱ्याला माझ्या कठड्याला झेंडूची माळ, दिवाळीआधी रंगाचा हात. सुमनबाई शेजारणीला सांगायच्या, "माझा जिना हाय म्हणून माझी चूल पेटते." अहो, लोखंडालासुद्धा अंग फुलल्यासारखं होतं तेव्हा!

मग २००२ साली जयरामभाऊंची कंपनी बंद पडली. झिपरूभाऊला दुसरीकडे काम मिळालं, जयरामभाऊंना मिळालं ते वॉचमनचं. त्यात घरखर्चच जेमतेम निघायचा. म्हणजे कर्जाचा हप्ता सगळा वरच्या भाड्यावर आला. माझा रंग त्या वर्षी राहून गेला, पुढच्या वर्षीही राहिला. गंज धरला की जिना कुरकुरतो. मी कुरकुरायला लागलो.

२००४ मध्ये हिरामण आणि आशा राहायला आले. हिरामण दिंडोरीकडचा, द्राक्षांच्या पेट्या वाहणारा टेम्पो चालवायचा. बोलायला गोड, अगदी साखर. आशा गरीब पोर, आईबाप लहानपणीच गेलेले. सातवा महिना लागला, तेव्हा तिच्याकडे कौतुक करायला कुणीच नव्हतं. सुमनबाईंनी तिला खाली बोलावलं, पाटावर बसवलं, हिरवी साडी दिली, खणानारळाने ओटी भरली आणि म्हणाल्या, "आशे, आजपासून हे तुझं माहेर. मला आई म्हणायचं." गल्लीतल्या पाच सवाशिणी साक्षीला होत्या. आशा त्यांच्या गळ्यात पडून रडली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

पण तिथेच घोळ झाला, मित्रांनो. अकरा महिने भरले. जयरामभाऊ करार नवा करायचा म्हणून कागद घेऊन आले, तर सुमनबाई त्यांच्यावरच उखडल्या. "लेकीची सही घेता व्हय? लोकं तोंडात शेण घालतील!" कागद ट्रंकेत गेला. बाळंतपणात आशाचं पोट फाडावं लागलं, तेव्हा खर्चासाठी हिरामणने हात जोडले आणि सुमनबाईंनी डिपॉझिटही परत देऊन टाकलं. आता हातात ना कागद, ना पैसा. माया केली हे चांगलंच केलं. पण माया करताना डोळे मिटायचे नसतात, हे त्या माउलीला कुणी सांगायचं?

बारसं झालं, मुलाचं नाव स्वराज ठेवलं, आणि भाडं थांबलं. आधी म्हणे गारपिटीने बागा झोपल्या, टेम्पोला भाडं नाही. मग म्हणे टेम्पोचंच काम निघालं. चार महिने गेले, सहा गेले. एकदा सुमनबाई स्वतः चढून वर गेल्या. माझ्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी भाडं मागितलं, तेव्हा हिरामण हसला.

"आई, तुम्हीच म्हनल्या ना, हे आशाचं माहेर हाय? माहेरात कुनी भाडं मागतं का?"

आतून आशा ओरडली, "अवो, काय बोलू राहिले तुम्ही!" पण शब्द सुटून गेला होता. सुमनबाई खाली आल्या त्या एकेका पायरीवर थांबत.

जयरामभाऊ वकिलाकडे जाऊन आले. वकील म्हणाला, करार संपलेला, दावा लावा, पण वर्षं जातील. पतसंस्था कुठली वर्षं थांबते! एका संध्याकाळी झिपरूभाऊ आला. नेहमीसारखा घरात गेला नाही. माझ्या तिसऱ्या पायरीवर बसला. सुमनबाईंनी चहा आणला, तो त्याने घेतला नाही.

"वहिनी, या महिन्यात तुमचा हप्ता माझ्या पगारातून कापला त्यांनी," तो खाली बघत म्हणाला. "पुढच्या महिन्यात बी कापनार. माझ्या शुभांगीचं लगीन वैशाखात धरलंय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सुमनबाईंची गत. वर मानलेली लेक, खाली दुसऱ्याची खरी लेक. त्या माझ्या कठड्याला धरून उभ्या होत्या. हात गार पडला होता त्यांचा. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या हातातून कळलं.

तेव्हा सुमनबाईंच्या भावाने, खंडेरावने, अक्कल पाजळली. "अक्का, भाडेकरूला हात लावू नको. जिनाच काढून टाक. दुरुस्तीला काढला म्हनायचं. चार दिवसांत आपोआप खोली सोडतील." जयरामभाऊ नको नको म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सुमनबाईंनी झुंबर मिस्तरीला निरोप धाडला.

रविवार होता, पोलिओच्या डोसाचा. हिरामण सकाळीच टेम्पो घेऊन गेलेला. आशा स्वराजला कडेवर घेऊन डोस पाजायला निघाली. जाताना म्हणाली, "आई, येते हं." सुमनबाईंनी मान वळवली.

झुंबर मिस्तरी गॅस कटर घेऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, मीच घडवला, मीच कापू?"

"काप रे बाबा. लवकर काप," सुमनबाई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

लोखंडाला दुखत नाही असं तुम्हाला वाटत असेल. असो. त्याने वरचे दोन्ही सांधे कापले, खालचे पाय मोकळे केले आणि चार माणसांनी मला भिंतीकडेला आडवा निजवला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी उताणा पडून आभाळ पाहिलं. वरच्या खोल्यांचं दार भिंतीत अधांतरी लटकलेलं दिसत होतं.

आशा परत आली. स्वराजच्या करंगळीवर शाईची खूण होती. तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सुमनबाईंनी दुरुस्तीचं वाक्य घोकून ठेवलं होतं, पण ते बोलायची वेळच आली नाही. आशा ओरडली नाही, भांडली नाही. चप्पल काढली, उंबरा ओलांडून आत गेली आणि लेकराला सुमनबाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, याला जरा घ्या. याचं दूध वर राहिलं."

सुमनबाईंनी हंबरडा फोडला. खंडेराव काहीतरी बोलायला गेला, तर त्याच्यावर पाट उगारला त्यांनी.

संध्याकाळी हिरामण आला. गल्लीच्या मधोमध उभा राहून त्याने आकाशपाताळ एक केलं. "बघा रे बघा, मालकिणीनं जिना कापला! पोलिसात जातो मी!" टेम्पोत बसून गेला. पोलिसात गेला नाही. त्या रात्री आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. पुढे कळलं, त्याच्या डोक्यावर बाहेरही देणं होतं आणि पळायला त्याला निमित्त हवं होतं. ते निमित्त मी झालो. हा डाग माझ्या अंगावरून जात नाही, मित्रांनो. गंज खरवडता येतो, हा खरवडता येत नाही.

भाडेकरू घालवायला गेलेल्या सुमनबाईंच्या घरात आता भाडेकरीण लेकरासकट येऊन बसली होती. दुसरी एखादी असती तर हातपाय गाळून बसली असती. सुमनबाई आठव्या दिवशी पदर खोचून उठल्या. "बोलवा मिस्तरीला. जिना लावा. आपन वर राहायला जायचं, खालचं घर भाड्यानं द्यायचं. खालच्याला भाडं जास्त येतं."

तसंच झालं. खाली एका शाळेतला शिपाई आणि त्याचं कुटुंब आलं. या वेळी करार केला, साक्षीदार घेतले, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. डिपॉझिट जसंच्या तसं पतसंस्थेत भरलं. झिपरूभाऊची पगारकपात थांबली. पण शुभांगीचं लग्न वैशाखात झालं नाही. समोरची मंडळी थांबली नाहीत, दुसरं स्थळ जमायला दीड वर्ष गेलं. झिपरूभाऊ आता आमच्या गल्लीतून जात नाही, वळसा घालून जातो. सुमनबाईंनी दोनदा त्याच्या घरी जाऊन पाय धरले. तो "असू द्या वहिनी" म्हणाला, पण पहिल्यासारखं हसला नाही.

आशा वरच राहिली, सुमनबाईंजवळ. अंबडला पॅकिंगच्या कामाला लागली. पहिला पगार तिने सुमनबाईंच्या हातावर ठेवला, तेव्हा सुमनबाईंनी तिची ओटी भरली, आणि लगेच एक कागदही पुढे केला. आशाचा वाटा किती आणि तो कोणत्या तारखेला द्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं होतं. "रागावू नको पोरी. माझी माया बी खरी हाय आन् हा कागद बी खरा हाय. मागं मी कागद केला असता, तर तुझा संसार कापायची येळ माझ्यावर आली नसती." आशाने डोळे पुसत सही केली.

आज २००९ साल आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी घर भाड्याने द्याल, कुणी घ्याल. माणूस कितीही जवळचं असो, बोलणी स्पष्ट ठेवा, लिहून ठेवा. आणि भांडण झालंच, तर समोर बसून भांडा. कुणाच्या पायाखालची वाट काढून घेऊ नका. ती परत जोडता येते, पण पहिल्यासारखी जोडता येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. कापताना माझं दोन बोटं लोखंड जळून गेलं, तिथे मिस्तरीने पट्टी मारली. ती पट्टी आता सुटत चालली आहे. गुडघे धरून सुमनबाई दिवसातून चार वेळा चढउतार करतात, आणि त्या वरच्या पायरीवर पाय ठेवला, की मी हलतो. त्यांना वाटतं, त्यांचाच तोल जातो. त्यांच्याशी मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी आमच्या गल्लीत आलात, तर मला रंग नको, झेंडूची माळ नको. फक्त वर जाऊन एवढं सांगा, "सुमनबाई, जिन्याचा वरचा सांधा बघून घ्या." आणि त्या खाली उतरत असतील, तर त्यांचा हात धरा.