आजीच्या तोंडचा भात

भात सोसत नाही असं मूल लाओसमधल्या सवन्नाखेतमध्ये आजवर कुणी पाहिलं नव्हतं. दूध न सोसणारं एक वेळ समजता येतं, गाईचं दूध वासरासाठी असतं, त्यात नवल ते काय. पण चिकट भात? सकाळी भात, दुपारी भात आणि संध्याकाळीही भातच, तोही हाताने गोळे करून खाणाऱ्या माणसांच्या गावात लत्सामीच्या सात महिन्यांच्या लेकीच्या तोंडाभोवती भात खाल्ला की लाल गांधी उठायच्या आणि तासाभरात सगळं उलटून पडायचं.

लेकीचं नाव चांगलं भारदस्त ठेवलेलं होतं, पण घरात तिला सगळे बेडकीच म्हणत. चौथ्या महिन्यात तिला डब्याचं दूध पाजलं, तेव्हा ती खरंच फुगली. डोळे मिटले, श्वासाला शिटी लागली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं आणि बजावलं, की अंगावरचंच पाजा, गाईच्या दुधाचा थेंबही नको, ना तिला ना तुम्हाला. सहा महिने झाले की भातापासून सुरुवात करा. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोच तीन दिवस, मग दुसरा.

लत्सामीने घरातली बिस्किटं, पाव, डबे, सगळं शेजारी देऊन टाकलं. तिच्या आईने, थोंगसीने, शिंक्यावरच्या टोपल्यासुद्धा अंगणात नेऊन झटकल्या. नवरा नदीपलीकडे थायलंडमध्ये कामाला. घरात या दोघी, बेडकी आणि एक माग.

सहावा महिना सरला आणि भात भरवायचं काम आपोआप थोंगसीकडे आलं. तिची पद्धत तिच्या आईची, आणि तिच्या आईच्या आईची. वाफेवरच्या भाताचा गोळा स्वतःच्या तोंडात घालायचा, चावून चावून लोण्यासारखा मऊ करायचा आणि बोटावर घेऊन बाळाच्या तोंडात ठेवायचा. सहा पोरं तिने अशीच वाढवली होती. नातीसाठी तर तिने चाळीस वर्षांचं पान सोडलं होतं, तोंड स्वच्छ राहावं म्हणून. लत्सामीला ते फारसं रुचत नव्हतं, पण तीही त्याच भातावर वाढलेली. तिने मान्य केलं.

महिन्याने तराजूत घातलं तेव्हा बेडकीचं वजन होतं तिथेच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहा दिवस बघा. कशाने होतंय ते सापडलं नाही, तर भात बंद करावा लागेल. मग हिला काय द्यायचं, ते शोधायला मोठ्या शहरात जा."

"भात बंद होणार नाही," लत्सामी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. उद्धटपणा नव्हता तो, तिने ठरवून टाकलं होतं.

शेजारणींचं मत पडलं की कुणीतरी पोरीवर रुसलंय, मनगटाला दोरे बांधा. लत्सामीने दोरे बांधून घेतले, कारण त्याने बिघडत तर काही नाही. पण मागावर बसणाऱ्या बाईला ठाऊक असतं, नक्षी चुकली की उलट मोजत जायचं, एकेक धागा. तिने तांदूळ बदलला. मग पाणी बदललं. भात वाफवायची टोपलीच नवी आणली. गांधी उठतच राहिल्या. एकच दिवस उठल्या नाहीत. तो व्रताचा दिवस होता. थोंगसी पहाटेच विहारात जाऊन बसली होती आणि लत्सामीने भात स्वतः खलात कुटून भरवला होता.

धागा सापडला, पण तो ओढायला हात धजेना. शेवटी तिने विचारलंच.

"आई, खरं सांग. मी मागावर असते तेव्हा तू हिला दुधाचं काही देतेस का?"

थोंगसीचा सुपातला हात थांबला. "म्हणजे मी पोरीच्या जिवावर उठलेय म्हण की."

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"मग कसं म्हणतेयस? सहा पोरं वाढवली मी. तू तर चार वर्षांची घोडी झालीस तरी माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचीस. तेव्हा नाही विचारलंस, आत काय आहे म्हणून."

दोन दिवस थोंगसी तिच्याशी बोलली नाही. कोंबड्यांशी मात्र मोठमोठ्याने बोलली, सगळं लत्सामीला ऐकू जाईल असं. लत्सामीला वाईट वाटलं, रात्रभर वाटलं. पण दहातले सहा दिवस संपले होते.

सातव्या सकाळी माग तसाच ठेवून, बेडकीला कडेवर घेऊन ती आईच्या मागे निघाली. थोंगसी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली, भिक्खूंच्या पात्रात चिमूटचिमूट भात घातला, हात जोडले. मग रस्ता ओलांडून कॉफीवाल्या हुआंगच्या बाकावर गेली. हुआंगने न विचारता पेला पुढे ठेवला. खाली दोन बोटं घट्ट पांढरा थर, वर काळी कॉफी. थोंगसीने ढवळलं, भुरके मारले आणि तळाशी उरलेलं चमच्याने खरवडून चाटलं. वीस वर्षं ती हेच करत आली होती.

लत्सामी झपाझप घरी पोचली. मागोमाग थोंगसीही आली. पाय धुतले, भाताची टोपली उघडली, गोळा तोंडात टाकला, बेडकीला मांडीवर ओढलं. मऊ झालेला भात बोटावर आला, बोट बाळाच्या ओठांशी गेलं. लत्सामीने आईचं मनगट धरलं.

"थांब, आई. कॉफीत खाली पांढरं असतं ते काय आहे?"

"गोडाचं असतं. का?"

"दूध आहे ते. गाईचं. आटवून साखर घालतात."

"असेल. ते मी प्यायले. हिला कुठे दिलं?"

लत्सामीने ते मनगट तिच्याच डोळ्यांसमोर धरलं. थोंगसीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग तो भात तिने पदराच्या टोकाला पुसला आणि बेडकीला अलगद खाली ठेवलं, जणू हात लावायचीही चोरी झाली होती.

"महिनाभर," ती म्हणाली. "महिनाभर मीच."

"तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आणि अजून नक्की कुठे झालंय? तीन दिवस कॉफी सोड, बाकी सगळं तसंच. एका वेळी एकच गोष्ट."

"म्हणजे मीही एक पदार्थ झाले तर," थोंगसी म्हणाली आणि डोळे पुसले.

तीन दिवस थोंगसीने डोक्याला फडकं बांधून काढले. कॉफीविना कपाळ ठणकत होतं, कोंबड्यांना शिव्या बसत होत्या. तोंड तीनतीनदा धुऊन ती भात चावायची. लत्सामी इस्पितळात न्यायची पिशवी भरून समोर बसून राहायची आणि लेकीच्या ओठांवरून नजर हलवायची नाही. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी बेडकीने गोळाभर भात खाल्ला, ढेकर दिला आणि झोपली. चेहरा स्वच्छ.

आता आईला सांगायचं होतं, की कॉफी कायमची बंद. लत्सामीने वाक्यं जुळवून ठेवली होती. चौथ्या सकाळी ती उठली तर थोंगसी ओट्यावर दगडी खल घासत बसली होती.

"कॉफी मी सोडणार नाही," थोंगसीनेच सुरुवात केली.

"आई..."

"ऐक तर. कॉफी सोडेन, आणि एक दिवस कुणाच्या लग्नात कुणी हातावर केक ठेवेल. मी खाईन आणि विसरेन. म्हातारी झालेय मी. माझ्या तोंडाची हमी मी देत नाही. चावणं बंद. आजपासून हिचा भात यात."

जुळवलेलं एकही वाक्य लत्सामीच्या कामी आलं नाही. तिला रडू आलं, आणि ते लपवायला ती वाफेची टोपली उतरवायला वळली.

भात कुटून झाला. थोंगसीने बेडकीला समोर बसवलं. बेडकीने खलात मूठ घातली, भात उचलला आणि भात आधी आजी चावते, या सवयीने तो तिच्या तोंडाशी नेला.

थोंगसीने ओठ गच्च मिटून घेतले आणि मान हलवली. बेडकीने पुन्हा मूठ ओठांवर दाबली. तेव्हा थोंगसीने ते इवलं मनगट धरून हळूच वळवलं.

"माझ्यात नाही गं आता. तुला आलेत ना दोन दात."

बेडकीने क्षणभर आजीकडे पाहिलं आणि मूठ स्वतःच्या तोंडात घातली. ती तोंड हलवत राहिली, आणि तिच्याबरोबर थोंगसीचा रिकामा जबडाही हलत राहिला.