आधी कोण बोलणार

आमच्या घराण्यातलं कुणी गेलं की त्याला पुरायला नेणारी गाडी चर्चच्या वाटेवर पाइनच्या एका म्हाताऱ्या झाडापाशी थांबते. जवळचं माणूस साल तासून सुरीनं मेलेल्याचं नाव कोरतं. पुढे कधी तो घराच्या ओढीनं परत निघाला, तर ती खूण बघून त्याला आपण मेल्याचं आठवतं आणि तो मुकाट्यानं मागे फिरतो.

माझा धाकटा भाऊ तावेत्ती गेला तेव्हाही गाडी थांबली. घोड्याच्या नाकपुड्यांभोवती बर्फ धरला होता. मी सुरी लेम्पीच्या, त्याच्या बायकोच्या हातात द्यायला गेले, तर तिनं हात मागे घेतला.

"खूण करायची नाही, वन्सं."

"मग? रोज दारात येऊन उभा राहू दे त्याला?"

"राहू दे. आमचा अबोला आहे. तो आलाच नाही तर मिटायचा कसा?"

अबोल्याचं साऱ्या गावाला ठाऊक होतं. तावेत्तीला गोठ्यामागचं अस्पेनचं झाड तोडून एका खोडाची होडी कोरायची होती. त्या झाडात सुतारपक्ष्यानं पाडलेली ढोली होती आणि ढोलीत उडणाऱ्या खारीचं बिऱ्हाड. संध्याकाळी खार गोठ्यावरून पलीकडच्या स्प्रूसच्या झाडावर झेपावली की लेम्पी दुधाची बादली खाली ठेवून बघत राहायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. "त्या झाडाला हात लावायचा असेल तर माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि खरंच बोलेनासा झाला. दिवसभर जंगलात असायचा. एकदा दलदलीवरचा पातळ बर्फ फुटून चिंब होऊन आला, छाती भरली आणि तापातच गेला. शेवटपर्यंत दोघांत एक शब्द नाही. दोघंही हट्टी, आणि माझा भाऊ होता म्हणून सांगते, तो जरा जास्तच.

मागची माणसं कुजबुजायला लागली. मला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती.

"घरी नको गं बाई," मी म्हटलं. "या झाडापर्यंत तो येतोच. तू इथं येऊन बोल त्याच्याशी."

तिनं जरा विचार केला, मग सुरी घेतली आणि चांगलं खोल नाव कोरलं.

तेव्हापासून रोज दूध काढून झालं की ती पाइनपाशी जायची. बर्फ वितळायला लागल्यावर मी तिला विचारलं, "मिटला का अबोला?"

"मी आधी का बोलू?"

"अगं, तो मेलाय."

"म्हणून काय झालं? भांडण त्यानं काढलं होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळा हिवाळा ही बाई त्या झाडासमोर तोंड मिटून उभी होती.

जूनमध्ये माझी गाय चुकली. तिच्या घंटेच्या मागावर मी दलदलीपलीकडे गेले, तर तिथं एक अस्पेन आडवा पडलेला. निम्मा कोरून झालेला, होडीचं एक टोक निघालेलं, पोटात पावसाचं पाणी आणि शेजारी लाकूड तासायचा गंजलेला वाकस. बुंध्यावर आमच्या घराची मालकीची खूण होती. इथून तळ्यापर्यंत होडी ओढायची म्हणजे घोड्याचं कंबरडं मोडलं असतं. गोठ्यामागचं झाड हाताशी असताना तावेत्ती एवढ्या लांब आला होता. मी तिथंच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी लेम्पीला घेऊन गेले. ती होडीच्या कडेवरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

"सांगायचं तरी," ती म्हणाली.

"पुरी झाल्यावर दाखवणार असेल."

त्या संध्याकाळी मीही तिच्याबरोबर पाइनपाशी गेले. कोरलेल्या अक्षरांवर डिंक ओघळला होता. तिनं तो डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसायचा प्रयत्न केला, मग तसाच सोडला.

"तावेत्ती," ती म्हणाली, "खारीला पिल्लं झालीत."