चौथ्या प्रकरणातली बाई

“आई, ही बाई तूच ना?”

मुलीनं पुस्तक उघडून शिलाई मशीनवर ठेवलं. चर्चच्या पाळकसाहेबांचं नवं पुस्तक. ते नव्या पाळकांना शिकवायचे, सेवाकार्यावर लिहायचे. चर्चच्या मंडळीत हे पुस्तक घरोघरी पोचलं होतं. चौथं प्रकरण होतं ‘ऐकून घेण्याची सेवा’.

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी वाचलं आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. त्यात एक विधवा होती. नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळलेला. एका दुपारी त्यानं पाण्यासाठी हाक मारली. ती इतकी कावली होती, की हाक ऐकूनही मशीन चालवत राहिली. उठली तेव्हा तो गेला होता.

हे बाईंशिवाय जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. बंद खोलीत, हुंदके देत बाईंनी ते पाळकसाहेबांना सांगितलं होतं.

“बाबा हाक मारत होते?” मुलीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती घराबाहेर पडली.

बाई तडक पाळकांच्या घरी गेल्या.

“अहो, पण नाव कुठं घातलंय मी?” पाळकसाहेब गोंधळून म्हणाले.

“नाव नाही घातलंत. मशीन घातलीत, चार वर्षं घातलीत, माझे शब्दसुद्धा जसेच्या तसे. मग राहिलं काय?”

“शिकणाऱ्यांना त्यातून केवढा बोध...”

“मी तुम्हाला सांगितलं होतं, साहेब, त्यांना नाही! मला वाटलं, मी देवासमोर बोलतेय. तुम्ही तर टिपून घेत होतात!”

बाई निघून गेल्या. दारात उभ्या असलेल्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं, पाळकबाईंनी, सगळं ऐकलं होतं.

“त्यांना आधी विचारलं का नाहीत?”

“नाही म्हणाल्या असत्या.”

“म्हणजे उत्तर ठाऊक होतं तुम्हाला!”

मग पाळकबाई हलकेच म्हणाल्या, “मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ लागली तेव्हा मी घाबरून गेले होते. तुम्हाला बोलले नाही, बहिणीला सांगितलं. म्हटलं, उद्या पुस्तकात वाचायला नको.”

तीस वर्षांचा संसार! आणि बायकोनं आपलं भय आपल्यापासूनच लपवलं! पाळकसाहेबांना रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ते पुस्तक मिटलं. “हे प्रकरण मी चोरलंय,” त्यांनी सरळ सांगितलं. छापखान्यातल्या उरलेल्या प्रती थांबवल्या. पोचलेल्या मात्र परत कशा येणार?

मग ते बाईंच्या घरी गेले आणि परतलेल्या मुलीसमोर उभे राहिले. “तुझ्या आईची एक दुपार मी लिहिली, बाळा. चार वर्षं तिनं बाबांना भरवलं, कुशीवर वळवलं, त्यांचे कपडे धुतले, त्यावर मी एक ओळही लिहिली नाही. मी अर्धंच सांगितलं, आणि तेही न विचारता.”

मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली.

“माफ केलं, साहेब,” बाई म्हणाल्या. “पण यापुढं मनातलं सांगायला तुमच्याकडे येणं मला जमणार नाही.”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. ती शिक्षा त्यांनी स्वीकारली.

वाचकहो, ही चूक फक्त पाळकांच्या हातून होते असं नाही. शेजारणीचं दुःख आपणही ‘नाव नाही सांगत हं’ म्हणत चारचौघांत सांगतोच की! नाव झाकल्यानं विश्वासघात झाकला जात नाही. दुसऱ्यानं ओंजळीत ठेवलेलं दुःख ही ठेव असते. ती वाटायचा हक्क, कितीही चांगल्या हेतूनं असो, आपल्याला नसतो.