सातचा फोन

उंब्रजच्या सुभेदार उदयसिंहांच्या घरी सत्त्याण्णव साली फोन आला. त्याला हळदकुंकू लागलं, वर क्रोशाचा रुमाल पडला. दिवाळीच्या आधी तो शिव्या द्यायला लागला.

रोज संध्याकाळी सातला एक बिननावाचा पुरुषी आवाज म्हणायचा, तुमची संयोगिता सांगलीत शिकत न्हाई, पोरांच्या गाडीवर फिरती. पुढचं लिहिण्यासारखं नाही. पलटणीत गोळीबार ऐकलेल्या सुभेदारांची या आवाजापुढं दातखीळ बसायची. दिवाळीला घरी आलेल्या लेकीला, संयोगिताला, त्यांनी परत जाऊच दिलं नाही. "अब्रू गेल्यावर बीएस्सी काय चाटायचीय?" एवढंच म्हणाले, आणि आळीला कळू नये म्हणून दार लावून फोन घेऊ लागले. आवाज कुणाचा, हे संयोगितालाही ठाऊक नव्हतं. ती नुसती रागानं जळत होती.

शेवटी सुभेदारांची थोरली बहीण साळूबाई कडाडली, "चोराच्या उलट्या बोंबा, आन तू दार लावून ऐकतोस व्हय रं?"

तिनं आळीत निरोप धाडला. सोप्यात घोंगडी अंथरली, सुपारी फिरली, माणसं दाटीनं बसली. सातला फोन वाजला.

"आलास व्हय?" साळूबाई म्हणाली. "थांब, मंडळी बसल्यात. कोंडीबाला कमी ऐकू येतंय, जरा मोठ्यानं सांग."

"कुणाचा रं तू? गाव कंचं?" म्हातारे कोंडीबा ओरडले.

मग शेजारच्या हरिबानं रिसीव्हर घेतला. "कालचं बी सांग गड्या, मी नव्हतो."

पलीकडून फोन आपटला गेला. मंडळी हिरमुसली. दुसऱ्या दिवशी परत जमली, तिसऱ्या दिवशीही. फोन काही वाजला नाही.

"जा गं पोरी कालेजात," साळूबाई म्हणाली. बॅग सुभेदारांनीच एसटीत चढवली.

त्या संध्याकाळी सातला सांगलीतल्या विश्रामबागच्या बूथवरून संयोगितानं घरचा नंबर फिरवला. आबा, म्हणजे सुभेदार, बोलतील का, एवढीच तिला धास्ती होती. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बोल रं! मंडळी बसल्यात!" कोंडीबा.

"आजोबा, मी संयोगिता. पोचले," ती ओरडून म्हणाली.

"पोरगी पोचली!" तिकडं गलका झाला. रिसीव्हर हातोहात फिरला. एसटीत जागा मिळाली का, हे प्रत्येकानं विचारलं. मग एकदम सामसूम. नुसता श्वास.

"कोण?" ती दचकलीच.

"मी, आबा. त्याचं रोज ऐकून घेतलं मी. तुला एकदा बी इचारलं न्हाई."

"मग आता इचारा की."

"जेवलीस का?" सुभेदारांनी विचारलं.